हॅम्बर्गचा खुनी आणि न झालेला तपास



रहस्यकथा आपल्या पिढीला नवी नाही. बाबुराव अर्नाळकरांचा धनंजय किंवा झुंजार हाती लागला की अभ्यासाचे पुस्तक बाजूला पडत असे. पुढे देव आनंदचा 'सी.आय.डी.' (१९५६) आला आणि रात्रीची मुंबई पडद्यावर दिसली. या साऱ्यांत एक गोष्ट ठरलेली असे. खून होतो, तो कोणी केला असे कोणीतरी विचारतो, आणि शेवटी उत्तर मिळते. वाचणारा भितो, पण मनातून निर्धास्त असतो. आज आम्ही ज्या चित्रपटाविषयी लिहीत आहोत, त्यात हा निर्धास्तपणा नाही. त्यात खून होतो, खुनी कोण हे अधिकाऱ्यांना लगेच कळते, आणि मग कोणीच काही विचारत नाही.

चित्रपटाचे नाव 'डेर फेर्लोरेने', म्हणजे 'हरवलेला'. तो जर्मनीतील हॅम्बर्ग शहरात आणि त्याच्या आसपास तयार झाला व सप्टेंबर १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक, सहलेखक आणि प्रमुख नट असा तिहेरी भार एकाच माणसाने उचलला होता. तो म्हणजे पेटर लोरे. त्याने आयुष्यात दिग्दर्शित केलेला हा एकच चित्रपट. रहस्यपटांच्या इतिहासात त्याचे नाव क्वचित घेतले जाते. आमच्या मते त्याची जागा वरच्या ओळीत आहे, आणि आपण ज्यू वाचकांनी तो पाहावा याला एक खास कारणही आहे.

लोरेचे जन्मनाव लास्लो लोवेनश्टाइन. २६ जून १९०४ रोजी तो एका ज्यू कुटुंबात जन्मला. त्याचे जन्मगाव तेव्हा हंगेरीत होते, आज ते स्लोव्हाकियात आहे. ठेंगणा बांधा, मोठे बाहेर आलेले डोळे, आणि विनवणी करतो की धमकावतो हे न कळू देणारा मऊ आवाज, एवढ्या भांडवलावर त्याने जग जिंकले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने जर्मनी सोडली. व्हिएन्ना, पॅरिस, लंडन असे करीत तो अमेरिकेला पोहोचला.

त्याचे तीन चित्रपट ओळीने मांडले म्हणजे आमचा मुद्दा स्पष्ट होईल. योगायोगाने त्यांत दहा दहा वर्षांचे अंतर आहे. पहिला 'एम', १९३१ चा, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. त्यात लोरे लहान मुलांचा खुनी आहे. त्याला पकडण्यासाठी सगळे शहर उठते. इकडे पोलीस नकाशे पसरून बसतात, तिकडे चोर आणि भिकारीही आपली सभा भरवून शोध घेतात. अखेर एक आंधळा फुगेवाला त्याच्या शिटीवरून त्याला ओळखतो. एका माणसाला शोधण्यासाठी लाखो माणसे जागी राहतात.

दुसरा 'द माल्टीज फाल्कन', १९४१ चा, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची. हा डिटेक्टिव्ह चित्रपटांचा आदर्श मानला जातो. यात लोरे अत्तर लावणारा, नीटनेटका लबाड जोएल कैरो आहे. इथे शहर झोपलेले आहे आणि पोलीस सुस्त आहेत. जागा आहे तो एकटा सॅम स्पेड, म्हणजे हम्फ्री बोगार्ट. स्पेड काही साधू नव्हे. पैसा, बाई, खोटे बोलणे, काहीच त्याला वर्ज्य नाही. पण त्याच्या भागीदाराचा खून झाला आहे, आणि आपल्या भागीदाराला कोणी मारले तर माणसाने काहीतरी केले पाहिजे, एवढा एक नियम त्याच्यापाशी शिल्लक आहे. म्हणून ज्या स्त्रीवर त्याचे मन गेले तिलाच तो शेवटी पोलिसांच्या हवाली करतो. ज्या सोन्याच्या पक्ष्यासाठी सर्वांनी रक्त सांडले तो शिशाचा निघतो. पण खुनाचा हिशेब मात्र पुरा होतो.

तिसरा 'डेर फेर्लोरेने', १९५१ चा. इथे शोधणारा कोणीच नाही. सगळे शहर, मग एक माणूस, मग कोणीच नाही, अशी ही उतरंड आहे.

मधे एक शब्द समजावून घेऊ. १९४६ साली, युद्धाची वर्षे अडलेले अमेरिकन चित्रपट एकदम फ्रान्समध्ये येऊ लागले. ते पाहून नीनो फ्रांक या समीक्षकाने त्यांतल्या काहींसाठी 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', हे नाव वापरले. 'द माल्टीज फाल्कन' त्याच्या यादीत होता. ओल्या रस्त्यावरचा एकच दिवा, भिंतीवर पडलेली जिन्याची सावली, भूतकाळ सांगणारा थकलेला आवाज, आणि चांगले-वाईट यांच्या मधली पुसट रेषा, ही त्याची लक्षणे. पण ही सावली अमेरिकेत उगवलेली नव्हती. फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक, बिली वाइल्डर, ओटो प्रेमिंगर ही मंडळी बर्लिन आणि व्हिएन्नाहून जीव वाचवून तिकडे गेली होती. त्यांतले बहुतेक ज्यू होते. प्रकाश कमी करून माणसाचे मन कसे दाखवावे हे ते घरून शिकून आले होते. 'न्वार'चा उगम सांगताना हा निर्वासितांचा वाटा विसरता येत नाही.

लोरे याच सावलीला परत तिच्या गावी घेऊन आला. हेच 'डेर फेर्लोरेने'चे न्वारमधले स्थान. अमेरिकेत अंधार ही चित्रणाची शैली होती. १९४३ च्या हॅम्बर्गमध्ये अंधार हा सरकारी हुकूम होता, कारण विमानांच्या भीतीने रात्री एक दिवाही बाहेर दिसू द्यायचा नव्हता. छायालेखक वात्स्लाव्ह विख याने जिने, खिडक्या आणि आगगाडीचे डबे असे टिपले आहेत की तो अंधार खरा वाटतो.

आता कथा. युद्ध संपले आहे. निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर नॉयमाइस्टर लोकांना लस टोचतो. शांत, मेहनती माणूस, तोंडात सदा सिगारेट. एके दिवशी छावणीत नोवाक नावाचा मदतनीस येतो, आणि दोघे एकमेकांना ओळखतात. दोघांचीही नावे खोटी आहेत. डॉक्टर म्हणजे कार्ल रोथे, रोगजंतूंचा संशोधक. नोवाक म्हणजे ह्योश, नाझी अमलात रोथेच्या प्रयोगशाळेत घुसवलेला हेर. रात्री छावणीच्या खानावळीत दोघे दारू घेऊन बसतात आणि जुनी गोष्ट उलगडते.

१९४३ साली ह्योश आणि त्याचा वरिष्ठ कर्नल विंकलर रोथेला सांगतात की, तुझी वाग्दत्त वधू इंगे तुझ्या संशोधनाची माहिती शत्रूकडे पोहोचवते. ही बातमी काढण्यासाठी ह्योशने तिच्याशी संबंध ठेवले होते, हेही तो निर्लज्जपणे सांगतो. रोथे घरी जातो आणि इंगेचा गळा दाबतो. रहस्यकथेत इथून पोलिसांचे काम सुरू व्हावे. इथे ते संपते. संशोधन राज्याला हवे आहे, म्हणून संशोधकही हवा आहे. अधिकारी खुनाची आत्महत्या करून टाकतात आणि रोथेला कामावर परत जायला सांगतात.

चित्रपटाचा गाभा इथेच आहे असे आम्हाला वाटते. रोथेला शिक्षेची भीती वाटत नाही. शिक्षा होत नाही याची भीती वाटते. आपण माणूस मारला आणि सकाळी दूधवाला आला, ट्राम चालली, सगळे आपल्याशी आदराने बोलले, तर मग आपण केले ते काय होते? लोरेने हे ओरडून दाखवले नाही. तो फक्त तोंडावरून हळूच हात फिरवतो, जणू चेहरा जागेवर आहे की नाही ते पाहतो. पुढे त्याच्या हातून दुसरा खून होतो, हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यात, आगगाडीत. एक वेश्या मात्र त्याचे डोळे पाहूनच ओळखते की हा मारणारा आहे, आणि किंचाळत पळते. साऱ्या शहरात खऱ्या अर्थाने तपास करणारी तीच एक. पण तिचे कोण ऐकणार?

मग रोथेचे घर बॉम्बहल्ल्यात पडते आणि ढिगाऱ्याबरोबर त्याचे जुने नाव नाहीसे होते. छावणीतल्या त्या रात्री ह्योश अजूनही हसतो आहे. त्याच्या मते सगळे संपले, विसरायचे आणि पुढे जायचे. रोथे त्याला गोळी घालतो, पहाटे रुळांवर जातो, येणाऱ्या गाडीकडे पाठ करून उभा राहतो आणि हाताने चेहरा झाकतो. न्यायाधीश, साक्षीदार आणि आरोपी तोच.

चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर अक्षरे येतात, त्यांचा आशय असा की ही कथा निव्वळ कल्पनेतली नाही, घडलेल्या प्रकारांच्या वृत्तान्तांवर आधारलेली आहे. हॅम्बर्गपुरते म्हणायचे तर याला पुरावा शोधावा लागत नाही. २५ ऑक्टोबर १९४१ रोजी त्या शहरातून हजाराहून अधिक ज्यूंना घेऊन पहिली गाडी लोड्झच्या गेटोकडे निघाली. 'द माल्टीज फाल्कन' न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला तो याच महिन्याच्या ३ तारखेला. तिकडे पडद्यावर एका भागीदाराच्या खुनाचा हिशेब होत होता, आणि इकडे हानोव्हर स्टेशनवर माणसे डब्यांत भरली जात होती. त्या स्टेशनातून हॅम्बर्ग आणि उत्तर जर्मनीतले आठ हजारांहून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा लोक पाठवले गेले. खुनी हा शास्त्रज्ञ का, यालाही अर्थ आहे. छळछावण्यांना विषारी वायू पुरवणारी टेश आणि श्टाबेनो ही कंपनी हॅम्बर्गचीच. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिशांच्या लष्करी न्यायालयाने तिच्या मालकाला त्याच शहरात फाशीची शिक्षा सुनावली. चांगल्या शिकलेल्या, सभ्य, उपयोगी माणसांनी हे केले होते.

इथे आम्हाला तोरातील एक विधी आठवतो. वाचकांनी एलूल महिन्यात परशा शोफ्तीम ऐकताना तो अनेकदा ऐकला असेल. दवारीम, म्हणजे अनुवाद, या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात आहे. रानात मेलेला माणूस सापडला आणि मारणारा कळला नाही, तर वडील मंडळींनी प्रेतापासून आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी कामाला न जुंपलेली कालवड आणायची, ओढ्याच्या खोऱ्यात तिची मान मोडायची, हात धुवायचे आणि सांगायचे की हे रक्त आम्ही सांडले नाही. यालाच एग्ला अरुफा म्हणतात. मिशना विचारते, गावचे वडील खुनी असतील अशी कोणाला शंका तरी येईल काय? मग त्यांनी असे का म्हणायचे? उत्तर असे की, तो परका आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला भुकेला, सोबतीवाचून जाऊ दिला असे झाले नाही, हे त्यांनी सांगायचे. म्हणजे अनोळखी माणसाच्या खुनाचाही जाब गावाला द्यावा लागतो. जगातल्या सगळ्या डिटेक्टिव्ह कथांच्या मुळाशी हाच विचार आहे. एक माणूस मेला, तर अंतर मोजल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही.

पण सोटा या भागात मिशना पुढे आणखी एक गोष्ट सांगते. खुनी वाढले तेव्हा हा विधी बंद पडला. हे वाक्य आम्ही तरुणपणी वाचले तेव्हा ती केवळ ऐतिहासिक नोंद वाटली होती. लोरेचा चित्रपट पाहिल्यावर त्याचा अर्थ उमगला. एखादा खून झाला तर गाव हादरते, मोजते, विचारते. खुनी उघडपणे फिरू लागले, त्यांना पगार आणि पदके मिळू लागली, की मोजपट्टी घडी घालून ठेवली जाते. मग रहस्यकथाही लिहिता येत नाही, कारण रहस्यच उरत नाही. १९३१ च्या 'एम'मधले शहर अजून मोजत होते. १९४३ चे हॅम्बर्ग थांबले होते. लोरेने तीन चित्रपटांत हा सारा प्रवास आपल्या एका चेहऱ्यावर दाखवला.

चित्रपटात दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. मधला भाग सैल आहे. रोथे ह्योशला मारायला निघतो आणि सरकारविरुद्ध कट करणाऱ्यांच्या बैठकीत जाऊन पडतो. हा सगळा प्रसंग दुसऱ्याच चित्रपटातून आल्यासारखा वाटतो आणि कथेची पकड सुटते. दुसरा दोष अधिक गंभीर. मारणाऱ्याच्या वेदनेला तासभर मिळतो, मेलेल्या स्त्रियांना काही मिनिटे. इंगेला काय म्हणायचे होते, आगगाडीतल्या हेलेनेचे घरी कोण होते, हे आपल्याला कळत नाही. एग्ला अरुफामध्ये मोजणी प्रेतापासून सुरू होते. लोरेची मोजणी खुन्यापासून सुरू होते.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्यापैकी अनेकांना खटकेल. हा चित्रपट ज्यूंच्या संहाराची कथा सांगत नाही. ज्याला स्वतःला पळावे लागले, त्या ज्यू नटाने परत जाऊन जर्मन खुनी का रंगवावा? आमचे उत्तर असे. 'एम'मधल्या त्याच्या कबुलीचा तुकडा नाझींनी १९४० साली 'डेर एविगे यूडे' या ज्यूद्वेषी प्रचारपटात घुसवला होता. पडद्यावरचा खुनी म्हणजे ज्यूचे खरे रूप, असे लोकांना सांगायचे होते. अकरा वर्षांनी लोरे त्याच देशात आला, त्याच भाषेत पुन्हा खुनी झाला, आणि या वेळी त्याने प्रेक्षकांना सांगितले की हा चेहरा नीट पाहा, हा तुमचा आहे. याहून सरळ उत्तर आम्हाला सुचत नाही.

प्रेक्षकांना ते नको होते. चित्रपट चालला नाही. त्याच वर्षी हॅम्बर्गच्या दक्षिणेला ल्यूनेबुर्गच्या माळरानावर चित्रित झालेला 'ग्र्यून इस्ट डी हायडे' हा रंगीत, गाण्यांचा चित्रपट मात्र तुफान चालला. फुलांनी भरलेले माळ, हरणे, लोकगीते. थकलेल्या लोकांना विसावा हवा होता हे आम्ही समजू शकतो. पण विसावा आणि विसर यांतला फरक ह्योशलाही कळत नव्हता. लोरेचा निर्माता आर्नोल्ड प्रेसबर्गर हाही परतलेला ज्यू. फेब्रुवारी १९५१ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, तो हॅम्बर्गमध्ये वारला. लोरे अमेरिकेला परत गेला, हिंडत्याफिरत्या भूतपटांत आणि विनोदी भूमिकांत दिवस काढले, आणि २३ मार्च १९६४ रोजी गेला.

हॅम्बर्गला परतलेल्या आणखी एकाचे नाव आपल्याला जवळचे वाटेल. विली हास हा प्राग शहरातला ज्यू लेखक आणि समीक्षक. १९२५ सालच्या 'डी फ्रॉयडलोजे गासे' या गाजलेल्या मूकपटाची पटकथा त्याची. नाझींपासून सुटून तो १९३९ साली आपल्या मुंबईत आला आणि मोहन भवनानींच्या चित्रसंस्थेसाठी पटकथा लिहू लागला. म्हणजे ती सावली पश्चिमेला हॉलिवूडला गेली तशी पूर्वेला मुंबईलाही आली. युद्धानंतर हास हॅम्बर्गला गेला, तिथल्या 'डी वेल्ट' या दैनिकात वर्षानुवर्षे लिहीत राहिला आणि १९७३ साली तिथेच वारला. एक परतला आणि राहिला, दुसरा परतला आणि टिकू शकला नाही. दोघांतला बरोबर कोण, हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. आपण बेने इस्राएल भाग्यवान. आपण भारत सोडला तो कोणी हाकलले म्हणून नव्हे, आणि परत जाऊन पाहिले तर शेजारी दार उघडतो. म्हणूनच हा चित्रपट आपल्याला सावकाश, मन घालून पाहता येतो. त्यांना ते शक्य नव्हते.

आज हॅम्बर्गच्या पदपथांवर गुंटर डेमनिग या कलावंताने सुरू केलेले पितळी दगड हजारोंनी बसवलेले आहेत. ज्या घरातून माणसाला नेले त्या घराच्या दारासमोर एक दगड, त्यावर त्याचे नाव, जन्मवर्ष आणि शेवट. जुन्या हानोव्हर स्टेशनच्या जागी २०१७ साली स्मारक उघडले, तिथेही नावे लिहिली आहेत. उशिरा का होईना, कोणीतरी वाकून अंतर मोजले, आणि ते दाराच्या उंबऱ्याइतकेच भरले. लोरेच्या चित्रपटात जे राहून गेले, म्हणजे मेलेल्यांची नावे, ती या दगडांवर आहेत. चित्रपट जरूर पाहा. नातवंडे घरी असतील तर त्यांनाही शेजारी बसवा, आणि शेवटी त्यांना एकच प्रश्न विचारा: या गोष्टीत तपास कोणी करायला हवा होता?